सोहोनी सर आणि धरणग्रस्त इलेक्ट्रॉन

पौडच्या चौकात माले गावाला जाणारी वडाप जीप उभी असली, की सोहोनी सर आधी काचेतून आत डोकावतात आणि माणसं मोजतात. ड्रायव्हर धरून सात भरली असतील, तर लग्नाला निघाल्यासारखे खुशीत आत शिरतात. आठ भरली असतील, तर छत्री काखेला मारून पुन्हा चहाच्या टपरीकडे वळतात. जीपवाला म्हणतो, "सर, या की, अजून चार मान्सं मावत्यात." त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. "मी बसलो तर नऊ होतील. नववा सुटा असतो हो. कधी बाहेर पडेल, नेम नाही."

जीपचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं असतं. त्यामुळे हे वाक्य आत बसलेल्यांना अगदीच खोटं वाटत नाही. एखादी म्हातारी 'मग म्या उतरू का' म्हणून गाठोडं आवरायला लागते, आणि जीपवाला सरांच्या नावानं बोटं मोडतो.

मी सरांची शेजारीण. मालेत माझं घर आणि रघुदादांचं घर यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण आहे, आणि रघुदादांच्या रस्त्याकडच्या खोलीत सर भाड्यानं राहतात. मी पौडच्या हायस्कुलात मराठी शिकवते. अणूंशी माझा संबंध दहावीत तुटला आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सरांनी तो मला न विचारता कुंपणावरून पुन्हा जोडून दिला.

सर निवृत्त होईपर्यंत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत धातूंच्या पुंजक्यांवर काम करत होते. पुंजका म्हणजे आठ, वीस, चाळीस अशा मोजक्या अणूंचा झुबका. डोळ्याला दिसत नाही, चिमटीत येत नाही. सोडियमचा प्रत्येक अणू आपल्याजवळचा एकेक इलेक्ट्रॉन वर्गणीसारखा काढून देतो, आणि त्या वर्गणीवर सगळा झुबका बांधलेला राहतो. वर्गणीचे इलेक्ट्रॉन आठ झाले, वीस झाले, चाळीस झाले, की झुबका घट्ट बसतो. एक कमी पडला तर तो भुकेला, दिसेल तिथून एक ओढून घ्यायला बघतो. एक जास्त झाला तर तो जास्तीचा सुटा. एवढं शास्त्र मला आता झोपेतही सांगता येतं, कारण कपडे वाळत घालताना दुसरं काही ऐकायला मिळत नाही.

गावाला ते कळायला जरा वेळ लागला. सर नवीन आले तेव्हा कोणीतरी विचारलं, तुमी काय काम करता? सरांनी खरं ते सांगितलं, की मी धातूंच्या पुंजक्यांची इलेक्ट्रॉनिक रचना अभ्यासतो. नावाआधी डॉक्टर होतंच. गावानं दोन्ही शब्द जोडून अर्थ लावला आणि सरांच्या दारात मिक्सर, इस्त्र्या आणि एक मुका झालेला टीव्ही येऊन बसला. सरांनी भिडेखातर एक मिक्सर उघडला. तो पुन्हा बंद झाला नाही. त्याचा मालक अजूनही सांगतो, की सरांचं ग्यान लई मोठं हाय, पन मिक्सरला त्येचा उपेग न्हाई.

सरांच्या लेखी माणसांच्या तीनच जाती आहेत. घट्ट, भुकेला आणि सुटा. इतक्या कमी जाती मानणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही, म्हणून मी त्यांचं पुष्कळ ऐकून घेते. पण ते या जातीसुद्धा आकड्यांत सांगतात. वीस म्हणजे घट्ट, एकोणीस म्हणजे भुकेला, एकवीस म्हणजे सुटा. एकदा भर ग्रामसभेत सरांनी सरपंचांचं कौतुक केलं, की आपले सरपंच म्हणजे अगदी वीस आहेत. सरपंचांचा चेहरा पडला. विसाच्या आधीचे चारशे सरांनी लाजेकाजेस्तव गिळले, अशी त्यांची समजूत झाली होती. ती काढायला मला त्यांच्या घरी जाऊन दोन वेळा पोहे खावे लागले.

मला ते एकोणीस म्हणतात. कारण समोरच्याच्या बोलण्यात कुठं चूक सापडली, की मी ती ओढून घेते. हे खरं आहे, पण शेजाऱ्यानं सांगायची गोष्ट नाही.

पौडच्या सोनाराकडचा प्रसंगही असाच. रघुदादांच्या बायकोला, सुनंदावहिनींना, कानातली फुलं करायची होती. शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून त्या सरांना घेऊन गेल्या. सोनार फुलं दाखवत असताना सर म्हणाले, की सोनं फार लहान झालं, की ते सोनं राहतच नाही. पिवळेपणा जातो. पाचसहा अणूंचं सोनं तर पापडासारखं नुसतं चपटं असतं. सोनारानं फुलं उचलून पेटीत ठेवली आणि म्हणाला, "सायेब, माल हॉलमार्कचा हाय. पटत नसंल तर म्होरच्या दुकानात जावा." वहिनींनी घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग दारात चपला काढता काढता म्हणाल्या, की सर, सोनाराम्होरं ते अनू काढत जाऊ नका.

पण राग वहिनींच्या अंगी टिकत नाही. गणपतीत त्यांचे एकवीस मोदक झाले, की सर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन घुटमळायचे. विसांचा संच कसा नेटका बसला असता आणि तो एकविसावा कसा केविलवाणा दिसतो, हे सांगायचे. नैवेद्य एकवीसचाच असतो, त्याला वहिनी काय करणार. शेवटी त्या बावीस करायला लागल्या. एकवीस देवाला, एक सरांना. सरांनी तो खाल्ला आणि ताटाकडे बघून पुन्हा अस्वस्थ झाले, कारण आता पुन्हा एकवीसच उरले होते.

या घरात सर रुजले त्याचंही कारण आकड्यातच होतं. रघुदादा, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. धाकटा भाऊ ज्ञानू, त्याची बायको मनीषा आणि त्यांचा मुलगा. असे सात जण एका चुलीवर जेवत होते. सर राहायला आले त्या संध्याकाळी वहिनींनी 'एकट्यासाटी कशाला स्टो पेटिवता' म्हणून त्यांना बोलावलं. सरांनी पानं मोजली आणि दुसऱ्या दिवशी मला कुंपणाशी गाठून सांगितलं, की मी बसलो की आठ होतात. त्यानंतर त्यांच्या खोलीतला स्टोव्ह फक्त चहापुरता पेटला. भाताची वेळ झाली, की सर हात धुऊन पडवीत हजर. कधी कधी पाटही तेच मांडायचे. आठाचा पुंजका फुटत नसतो, हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की एकदा मी म्हटलं, सर, ते सोडियम नाही, सख्खे भाऊ आहेत.

माझं बोलणं खरं ठरायला वेळ लागला नाही. रस्ता रुंद झाला. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढल्या, आणि रस्त्याकडच्या जमिनीला कोणी स्वप्नातही धरला नव्हता असा भाव आला. ज्ञानूला घराचा रस्त्याकडचा तुकडा विकायचा होता. रघुदादांना नको होतं. मनीषाचं माहेर नेरे, तिथं सगळ्यांनी विकून वर मजले चढवले होते, त्यामुळे ती नवऱ्याच्या बाजूनं होती. घरातलं बोलणं तुटक झालं. आणि त्या रस्त्याकडच्या तुकड्यातच सरांची खोली होती. घर फुटलं तर खोली जाणार आणि खोलीबरोबर जेवणाचं पानही जाणार, हे सरांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

सर तेव्हा एका शब्दाच्या मागे होते. विज्ञान दिनाला त्यांचं भाषण ठेवलं होतं. शाळेचे पत्रे बदलायचे होते म्हणून ते आमच्या विहाराच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. सरांची अडचण अशी, की वर्गणीचे ते इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूपाशी बसत नाहीत, सगळ्या पुंजक्यात पसरून राहतात. अशा इलेक्ट्रॉनाला मराठीत काय म्हणायचं? इंग्रजी शब्द त्यांना गावासमोर वापरायचा नव्हता. मी दोन दिवस विचार केला आणि शब्द दिला, विस्थापित. स्थान सोडलेला तो विस्थापित. व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

हॉल भरला होता. सरांनी फळ्यावर गोळे काढले आणि सांगितलं, की धातूला बांधून धरणारे कोण, तर हे विस्थापित इलेक्ट्रॉन. मग मागून तुकारामआजा उठले. त्यांच्या आजोबांचं गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं.

"कंच्या धरनाचं?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, धरणाचे नाहीत, सोडियमचे. आजा म्हणाले, त्ये आसूं द्या, पन जागा गेली का न्हाई त्यांची? सर खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, की हो, स्वतःची अशी जागा त्यांना उरत नाही खरी.

"मोबदला?"

"मोबदला नाही."

हॉलमध्ये हळहळ उठली. आमचंबी तसंच झालं, असं कोणीतरी बोललं. पुढची पाऊण घटका इलेक्ट्रॉन बाजूला राहिले आणि कोणाच्या पणज्याची किती भातखाचरं बुडाली याची चर्चा झाली. आभार मानताना सरपंचांनी धरणग्रस्त इलेक्ट्रॉनांचा प्रश्न तहसीलदारांपुढे मांडू, असंही सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसले होते. घरी परतताना सर फक्त एवढंच म्हणाले, की बाई, शब्द चुकला. त्यांना कोणी हाकललेलं नाही हो, ते सगळ्यांचे असतात.

बरोबर शब्द सापडला तो भांडणात. उन्हाळा होता, विहिरीला पाणी कमी, आणि मोटार कोणी आधी लावायची यावरून रघुदादा आणि ज्ञानू विहिरीच्या काठावर एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे होते. रघुदादांच्या हातात पाना होता. आम्ही सगळे कुंपणाशी गोळा झालो होतो. रघुदादा गरजले, "हीर सामाईक हाय. तुज्या एकट्याच्या बापाची न्हाई." दोघांचा बाप एकच होता, पण भांडणात एवढं कोणी बघत नाही.

तेवढ्यात खोलीतून सर बनियनवर धावत आले आणि थेट दोघांच्या मध्ये घुसले. मला वाटलं, आता पाना यांनाच बसतो. सरांनी रघुदादांचा दंड धरला आणि म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

रघुदादा गोंधळले. म्हणाले, "सामाईक."

"म्हणजे तिच्यातलं पाणी कोणाचं? अर्धं यांचं, अर्धं तुमचं?"

"पान्यात रेग मारता येती व्हय, सर? सगळं दोगांचं."

सरांचा चेहरा असा उजळला, की पाना धरलेला माणूसही ओशाळला. कुंपणापलीकडे माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. सातबाऱ्यावर रोज वाचायचा शब्द, आणि मला सुचला नव्हता. दोघे भाऊ काय झालं ते न कळून आपापल्या वाटेनं निघून गेले. मारामारी टळली, पण त्याच आठवड्यात ज्ञानूनं वाटणी मागितली. सर मात्र भेटेल त्याला सामाईक इलेक्ट्रॉन सांगत होते.

वाटणी ठरल्यावर मात्र ते गप्प झाले. एका सकाळी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "आठ फुटत नाही, बाई. भार आला तरच फुटतो. त्यातले एकदोन इलेक्ट्रॉन काढून घेतले, की उरलेले अणू एकमेकांना ढकलायला लागतात." ज्ञानू गोठ्यात शेण भरत होता. तो तिथूनच म्हणाला, की सर, भार न्हाई, भाव. सर हसले नाहीत. आकडा चुकला म्हणून त्यांना वाईट वाटतंय, असं मला आधी वाटलं. शास्त्रज्ञ माणसं अशा गोष्टी मनाला लावून घेतात.

मग मी त्यांच्या खोलीत गेले तर सर पुस्तकं दोरीनं बांधत होते. पुण्याजवळ बावधनला त्यांचा फ्लॅट आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तिथं परत जाईन म्हणाले. चांगला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. मी विचारलं, मग सोडलात कशाला? सर दोरीची गाठ सोडवत बसले. सुटत नव्हती, कारण त्यांनी ती अजून मारलीच नव्हती. मग सांगितलं. बायको गेल्यावर ते तिथं पुष्कळ दिवस एकटे जेवले. लिफ्टमध्ये माणसं असायची, सगळी मोबाइलकडे बघणारी. एकदा मुळशीला सहज आले होते, परतीची गाडी चुकली, आणि वहिनींनी ओळखदेख नसताना जेवायला वाढलं. त्यानंतर त्यांनी इथंच खोली बघितली.

मला त्या माणसाची फार कीव आली आणि रागही आला. मी म्हटलं, हे तुम्ही त्या दोघा भावांना सांगा की. सर म्हणाले, भाडेकरूनं वाटणीत बोलू नये. ते बरोबर दिसत नाही.

वाटणीला अंगणात भावकीतली माणसं बसली. शेजारीण म्हणून साक्षीला मलाही बोलावलं होतं. सर आपल्या खोलीच्या पायरीवर, जरा बाजूला, वर्तमानपत्र उलटं धरून. एकेक गोष्ट निघाली आणि वाटली गेली. वरचं शेत थोरल्याला, खालचं धाकट्याला, रस्त्याकडचा तुकडा ज्ञानूला, गोठा रघुदादांना. विहीर सामाईक. बांधावरची वाट सामाईक. चुलते मांडीवर हात आपटून उठायला लागले, झालं म्हणून.

"आन सर?" मनीषानं विचारलं.

घर फुटण्यात तिचाच हात आहे, असं सगळा गाव म्हणत होता. मीही म्हणत होते. चुलते म्हणाले, की भाडेकरूचं काय एवढं, ती जागा इकली की त्येंचं त्ये बघतील.

मनीषा पदर खोचून पुढं आली. "माज्या म्हायेरी समद्यांनी इकलं. आता शेजारच्या घरात कोन ऱ्हातं त्ये माज्या आयला म्हायती न्हाई. जमीन इकायची ती इका, मी न्हाई कुटं म्हनती? पन सरांची खोली त्यात धरायची न्हाई. सर सामाईक."

विहिरीवरच्या भांडणापासून सुनंदावहिनी आणि मनीषा एकमेकींशी बोलत नव्हत्या. वहिनी दारातून म्हणाल्या, की सकाळचं माज्याकडं, सांजचं तिच्याकडं. ज्ञानूनं तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाला, खोली सोडून मोजनी करू. रघुदादांनी मान हलवली. वाटणीत त्या दोघांचं तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

माणसं पांगली. सर पायरीवरच बसून होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं आणि विद्यार्थ्यासारखं विचारलं, "बाई, सामाईक असलं म्हणजे एकट्यादुकट्याला विकून टाकता येत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांच्या सह्या लागतात. एकजण जरी नको म्हणाला, तरी काही करता येत नाही."

सर रस्त्याकडे बघत राहिले.

"बावधनहून निघालो ना, बाई," ते म्हणाले, "तेव्हा नको म्हणायला एकसुद्धा नव्हता."